खांबावरची लाल पेटी

प्रिय फ्यूज,

तुझं पत्र परवा मिळालं. तीनदा वाचलं. तिसऱ्यांदा वाचताना बायको समोर बसून माझ्या तोंडाकडे बघत होती, म्हणून घडी करून खिशात घातलं. तू लिहिलंयस, ‘आईमुळे तुला साहेबापुढे साक्षीला उभं राहावं लागलं, माझ्या घरच्यांनी तुला खाली बघायला लावलं, मला माफ कर.’ वर असंही लिहिलंयस की असं का केलं हे ती खरं सांगत नाही तोवर तिला फोन करणार नाही, तसं तोंडावर सांगून टाकलंय. तुझ्या आईची, माझ्या मावशीची, तब्येत बरी आहे, काल डोळ्यांनी बघून आलोय. हे वाक्य पहिल्यांदाच मुद्दाम लिहितोय, आणि ‘डोळ्यांनी’ का लिहिलं ते पुढे कळेल. बाकी सगळं क्रमाने सांगतो. एकच विनंती, मधेच पत्र फाडू नकोस. तुझं डोकं मला माहीत आहे. शेवटच्या पानावर तुझ्यासाठी एक काम आहे, तिथपर्यंत पोच आणि मग काय फाडायचं ते फाड. मी फोनही करून पाहिला होता, पण तुमचं जहाज पाण्यात असलं की तू कुठला सापडायला. आणि फोनवर मी तुझ्याशी इतके दिवस काय काय बोललोय ते आठवलं की कागदच बरा वाटतो. कागदावर आवाज चढवून वेळ मारून नेता येत नाही.

तुला तुझं हे नाव कसं पडलं ते आठवतंय ना? सातवीत होतो. शाळेच्या मागच्या खोलीत तू खिळा आणि मी तार घेऊन गेलो, आणि आख्ख्या शाळेचे दिवे घालवून आलो. शिपायाने दोघांना कानाला धरून उभं केलं. मी रडत होतो आणि तू शिपायालाच शिव्या घालत होतास, त्या दिवसापासून तू फ्यूज. मावशी कपड्याचं माप सोडून, गळ्यात टेप तशीच ठेवून धावत आली आणि हेडमास्तरांना सरळ म्हणाली की तार मीच दिली होती, माझी इस्त्री बघायला सांगितली होती, मुलांचा काही दोष नाही. इस्त्री तर तेव्हा तुमच्याकडे कोळशाची होती! घरी आल्यावर आपल्या दोघांना एकेक ठेवून दिली आणि मग शेजारी शेजारी बसवून वाढलं. माझी आई जाऊन तेव्हा वर्ष झालं होतं. त्या घरात मी किती जेवलो याचा हिशेब तुझ्या आईने कधी ठेवला नाही आणि मीही नाही. हे आत्ता का सांगतोय ते तुझ्या लक्षात येईलच. ती बाई लेकरांसाठी बिनदिक्कत खोटं बोलते, हे तुला आणि मला जगात सगळ्यात आधी माहीत असायला हवं होतं.

आता ऑफिसची बातमी. आपल्या वीज संस्थेत सगळीकडे नवे स्मार्ट मीटर बसले. मीटर आता दर अर्ध्या तासाला स्वतःच आकडा ऑफिसला कळवतो. कोणाच्या घरची लाईट गेली तर जाता जाता तसा निरोपही पाठवतो, कोणी तक्रार करायची वाट बघावी लागत नाही. म्हणजे आम्हा मीटर रीडर लोकांचं काम संपलं. वही, पेन्सिल, टाचेखाली झिजलेले बूट, कुत्र्यांशी ओळख, सगळं एका फटक्यात जुन्या बाजारात गेलं. नव्या लोकांना सांगितलं तर हसतात, पण आमची एक पद्धत होती ती तुला ठाऊक आहे. प्रत्येक मीटरच्या पेटीत, झाकणाच्या आतल्या बाजूला एक कार्ड अडकवलेलं असायचं. रीडरने महिन्याला जायचं, आकडा वहीत लिहायचा, घरातली लाईट चालू आहे ना ते विचारायचं आणि कार्डावर त्या महिन्याच्या चौकटीत बरोबरची खूण करायची. ती खूण म्हणजे आमची हजेरी. माझी खूण करताना पेन उचलायला उशीर होतो म्हणून शेवटी एक ठिपका पडतो. तीस वर्षं पडत आलाय.

मागच्या वर्षीच्या वादळात ओढ्यावरचा लाकडी पूल वाहून गेला, हे मी तुला तेव्हा फोनवर सांगितलं होतं. पुढचं सांगितलं नव्हतं. ओढ्यापलीकडे माझ्या वहीत तीनच जोडण्या: बंद पडलेली पिठाची गिरणी, एक पाण्याचा पंप आणि मावशी. पूल गेल्यावर तिकडे जायचं म्हणजे बंधाऱ्यावरून वळसा, जाऊन येऊन अर्धा दिवस. माझा गुडघा तेव्हा बोलायला लागला होता. पहिल्या महिन्यात मी म्हटलं, पुढच्या खेपेला जाऊ, या महिन्याचा आकडा अंदाजाने टाकू. मावशीचं घर मला पाठ. दोन दिवे, एक पंखा, शिलाई मशीनची मोटर, तीही तूच बसवून गेलेला. गेल्या वर्षी या महिन्यात किती होतं ते बघितलं आणि टाकला आकडा. दुसऱ्या महिन्यातही तसंच. तिसऱ्या महिन्यात गुडघा बरा होता, खोटं कशाला बोलू. पण दोन महिने गेलो नाही म्हटल्यावर तिसऱ्यांदा जायला तोंड राहत नाही. ती काय विचारेल, मी काय सांगेन, या विचारानेच मी वही बंद करायचो. पुढे पुढे तर मी त्यात हुशारी दाखवायला लागलो. उन्हाळ्यात पंख्याचे चार युनिट जास्त, थंडीत कमी, मधेच एखाद्या महिन्यात ती आजारी बहिणीकडे गेली असेल असं धरून थोडे वजा. खुर्चीत बसून मी तुझ्या आईचे दिवस रचत होतो, आणि इतके खरे रचत होतो की ऑफिसात कोणाला कधी शंका आली नाही.

आणि इकडे काय झालं होतं ते ऐक. पूल गेला त्याच वादळात झाडाची फांदी पडून खांबावरून तुमच्या घरात येणारी वायर तुटली होती. घरात लाईट नव्हती. एक दिवस नाही, एक आठवडा नाही, चौदा महिने. मी तिच्या पंख्याचे चार जास्त धरत होतो तेव्हा ती दाराच्या उंबऱ्यात बसून दिवसाच्या उजेडात सुईत दोरा ओवत होती. मोटरचा पट्टा काढून मशीनला तिने परत पायाने चालवायला घेतलं होतं. फोन चार्ज करायला, तिला शिवणकाम देणाऱ्या शिंपीदादाच्या दुकानात ठेवायची, त्याला सांगायची घरचा चार्जर बिघडलाय. जी वाट मला गुडघ्यामुळे जमत नव्हती, तीच वाट ही सत्तरी ओलांडलेली बाई कपड्यांचं गाठोडं घेऊन दर चार दिवसांनी चालत होती. आणि मी लिहिलेल्या आकड्यांची बिलं, नसलेल्या विजेची, एकही न चुकवता भरत होती.

तू म्हणशील तिने तक्रार का नाही केली. केली असती तर पहिला प्रश्न आला असता की रीडर दर महिन्याला जातो, त्याने कसं कळवलं नाही. मला आधी एकदा ताकीद मिळालेली तिला माहीत होतं. म्हणून ती माझी वाट बघत राहिली. मी आलो की मला गुपचूप सांगायचं आणि मी वायरमनला घेऊन येऊन जोडून टाकायची, एवढं साधं तिच्या मनात होतं. तिसऱ्या महिन्यात ती ऑफिसातही आली. फ्यूज, हे लिहायला मला खूप वेळ लागतोय. मी खिडकीतून तिला फाटकातून आत येताना पाहिलं. हातात पिशवी, डोक्यावर पदर, पायाला सगळा चिखल. आणि मी उठलो आणि मागच्या गोदामात जाऊन केबलच्या मोठ्या रिळामागे उभा राहिलो. पन्नास वर्षांचा घोडा, लपाछपी खेळणाऱ्या पोरासारखा. काउंटरवरच्या बाईने तिला सांगितलं, ते रीडिंगला गेलेत. मावशीचा आवाज मला गोदामात स्पष्ट ऐकू आला. म्हणाली, हो का, मग माझ्याकडेच गेला असेल, चुकामूक झाली बघा. आणि लगबगीने परत गेली. तोच वळसा चालत, मी घरी येऊन परत जाईन या भीतीने. मला तेव्हा वायरचं माहीत नव्हतं, ही माझी एकच बाजू आहे आणि ती सुद्धा फार मोठी नाही. विचारलं असतं तर कळलं असतं.

त्या संध्याकाळी तुझा फोन आला होता. तू विचारलंस आई कशी आहे आणि मी म्हणालो, ठणठणीत, आत्ताच चहा घेऊन आलो तिच्याकडे. दर महिन्याला काहीतरी असंच. एकदा तर मी तुला तिने लावलेल्या वेलाला फुलं आलीत असंही सांगितलं. वेल आहे की नाही मला ठाऊक नव्हतं. तू खुश होऊन कुठल्याशा बंदरावरून मला ती भारीतली टॉर्च पाठवलीस, आईकडून परतताना उशीर होत असेल, उपयोगी पडेल म्हणून. ती मी खोक्यातून बाहेर काढली नाही. बायको म्हणाली एवढी चांगली वस्तू वापरत का नाही, मी म्हणालो जपून ठेवलीय. त्याच वर्षी मला ऑफिसने एकही तक्रार नसलेला रीडर म्हणून सर्टिफिकेट दिलं. भिंतीवर लावायला बायकोने खिळाही ठोकला. मनाची नाही तर जनाची तरी असावी म्हणतात, माझ्याकडे तेव्हा दोन्हीचा खडखडाट होता.

नवे मीटर येणार म्हटल्यावर आमच्यातल्या बहुतेकांना घरी पाठवायचं आणि तिघांना नव्या कंट्रोल रूममध्ये घ्यायचं ठरलं. ज्यांच्या वह्या स्वच्छ, त्यांना. माझं नाव पहिलं. सगळी कार्डं गोळा करून तपासणार, ज्याच्या चौकटी रिकाम्या त्याला काढणार, असं साहेबांनी बजावलं, आणि ही गोष्ट शिंपीदादाच्या दुकानातून मावशीपर्यंत गेली. मग एक दिवस मीटर बदलणारी मुलगी हातात टॅब्लेट घेऊन वळसा घालून तुमच्या घरी पोचली. जुना मीटर काढण्याआधी त्याच्या आकड्याचा फोटो काढायचा असतो. मीटरमध्ये होतं ८२१४. माझ्या वहीत ८८५१. माझा आकडा मीटरच्या पुढे धावत होता. कमी लिहिलेलं कधीतरी भरून काढता येतं, पण मीटर मागे फिरत नाही, आणि पुढे लिहून बसलेला रीडर कुठेही लपू शकत नाही. मला वाटलं, भरला घडा. पण तपासनीस तिथे गेला तेव्हा पेटीतल्या कार्डावर चौदाच्या चौदा चौकटींत बरोबरची खूण होती, ठिपक्यासकट. मग त्याने मावशीला विचारलं, आजी, वायर कधी तुटली? आणि ती म्हणाली, परवाच्या वाऱ्यात.

आता तपासनिसाच्या जागी तू असतास तर काय समजला असतास? रीडर दर महिन्याला गेला, त्याने आकडा लिहिला, वायर परवापर्यंत ठीक होती, मग मीटर मागे गेलाच कसा? त्या महिन्यात दुसऱ्या दोन गावांत लोकांनी मीटर बदलायच्या आधी आकडे मागे फिरवून, जादा भरलेलं परत द्या म्हणून अर्ज केले होते. तपासनिसाला सगळीकडे तेच दिसत होतं. त्यात तुमच्या मीटरचं सील जुनं होऊन तुटलेलं. झालं, चोर सोडून संन्याशाला फाशी. मंगळवारी अकरा वाजता सुनावणी ठेवली. टेबलावर ते कार्ड होतं आणि मी ते उलटं वाचत होतो. चौदा खुणा एकाच पेनने, एका रेषेत, टाके घातल्यासारख्या. माझा ठिपका चुकून पडतो, हे ठिपके एकेक करून काळजीने ठेवलेले होते. शाळेतली तारसुद्धा तिने इतक्या तयारीने स्वतःच्या अंगावर घेतली नव्हती. साहेबांनी मला विचारलं, तुम्ही दर महिन्याला गेलात? मी मावशीकडे बघितलं नाही. तीन सेकंद गेले असतील. त्यात मला कंट्रोल रूमची खुर्ची दिसली, गुडघा आठवला, भिंतीवरचं सर्टिफिकेट आठवलं. मी हो म्हणालो. मावशी लगेच मागून म्हणाली, पोरगा कधी चुकला नाही हो, चहा घेऊन जायचा, मीटरला माझाच हात लागला असेल, म्हातारपणी कळत नाही. आणि जिथे सांगितलं तिथे सही केली. खाल्ल्या घरचे वासे मोजणारा म्हणतात तो कसा दिसतो हे कोणाला बघायचं असेल तर त्या मंगळवारी मला बघायला हवं होतं.

शिक्षा तुला माहीत आहे, तुझ्या चुलतभावाने फोटो पाठवला. ज्याने मीटरशी फेरफार केला त्याचा नवा मीटर घरात बसवत नाहीत. बाहेर खांबावर, हात पोचणार नाही इतक्या उंचावर, लाल रंगाच्या पेटीत बसवतात. ओढ्याच्या या काठावरूनही दिसते ती पेटी. येणारा जाणारा वर बघतो आणि मग घराकडे बघतो. शिंपीदादाने शाळेच्या गणवेशांचं काम तिच्याऐवजी दुसरीकडे दिलं, उगाच बोलणी नकोत म्हणून. आणि मी खुर्चीत बसलो. पंखा डोक्यावर, समोर मोठा पडदा, पडद्यावर प्रत्येक घराची एक रेघ. टॅब्लेटवाली मुलगी एकदा माझ्या टेबलाशी आली आणि मला एक फोटो दाखवला. तुटलेल्या वायरचं टोक, गंजून काळं पडलेलं, आणि त्याच्याभोवती तीन वेढे घालून चढलेला वेल. परवा तुटलेल्या वायरवर वेल चढत नाही काका, एवढंच म्हणाली आणि फोटो मला पाठवून गेली. तिने तपासनिसालाही दाखवला होता. तो म्हणाला, आजीबाई स्वतः कबूल करतायत, तू कशाला डोकं चालवतेस. वायर चौदा महिन्यांपूर्वी तुटली हे मला तेव्हा कळलं. वेलाला खरंच फुलं होती, फ्यूज. पांढरी, बारीक.

त्यानंतरही मी दीड महिना गप्प बसलो, हे तू नीट वाच. फक्त रेघ बघत बसलो. वायर जोडल्यापासून मावशीची रेघ मला पाठ झाली. साडेपाचला उठते, म्हणजे दिवा. नऊ ते अकरा वर चढते, म्हणजे मोटर. दुपारी पंखा तासभर, तोही जपून. रात्री नऊला रेघ जमिनीला टेकते आणि सकाळपर्यंत हलत नाही. ज्या बाईचे मी चौदा महिने खोटे आकडे लिहिले तिचा खरा आकडा आता दर अर्ध्या तासाला माझ्यापुढे आपोआप येत होता. घरी गेल्यावर बायको विचारायची, तुला टोचतंय काय? मी म्हणायचो नवीन काम आहे, डोळे दुखतात. मग अठरा दिवसांपूर्वी दोन गोष्टी झाल्या. नऊ ते अकरा चढणारी रेघ चढायची बंद झाली. आणि रात्री नऊला ती जमिनीला टेकायची बंद झाली. एक बारीकशी रेघ, दहाएक वॅटची, दिवस नाही रात्र नाही, अखंड. मला वाटलं मीटर बिघडला. तू तिला फोन केलास त्याच दिवसापासूनची ती रेघ आहे, हे तुझं पत्र वाचल्यावर तारीख जुळवली तेव्हा कळलं.

काल मी रजा टाकली आणि बंधाऱ्यावरून चालत गेलो. गुडघ्याने काही तक्रार केली नाही, त्याचीही लाज वाटली. मावशी दारात बसली होती. मला बघून म्हणाली, आलास का, बस, एवढा दमलास कशाने? जणू मी मागच्या महिन्यात येऊन गेलोय. मी तिचे पाय धरले. ती पाठीवरून हात फिरवत राहिली आणि म्हणाली, गोदामात फार धूळ असते रे, तुला लहानपणापासून शिंका येतात. म्हणजे तिला त्या दिवशी कळलं होतं. रिळामागे मला आवरली नव्हती त्या शिंकेवरून कळलं होतं, आणि तरी ती काउंटरवर चुकामूक झाली म्हणून परत गेली. मी म्हणालो, मी फ्यूजला सगळं लिहिणार आहे. तर माझ्यावरच रागावली. म्हणाली, तुझी नोकरी जाईल आणि तो तापट, तुझं तोंड बघणार नाही. मी आज आहे उद्या नाही, नंतर त्याला इथे आपलं म्हणायला तूच एक आहेस, ते मी माझ्या हाताने तोडू का? मग तुझ्याबद्दल म्हणाली, तो माझ्यावर रागावला ते बरोबरच आहे त्याचं, चोरी म्हटल्यावर रागवायलाच हवं, मीच तसं शिकवलंय. हे सांगताना तिला जरा अभिमानही वाटत होता, तुझी शपथ. तुझी टॉर्च मी तिच्या दाराजवळच्या खिळ्याला अडकवून आलो.

मी तिचं ऐकलं नाही. आज सकाळी बायकोला सगळं सांगितलं. तिने माझा शर्ट इस्त्री करून दिला आणि म्हणाली, चुरगळलेल्या शर्टाने जाऊ नकोस. साहेबांना लेखी दिलं की चौदा महिन्यांचे आकडे मी घरी बसून लिहिले, कार्डावरच्या खुणा माझ्या नाहीत, मीटर खरा आहे आणि ती बाई खरी आहे. सोबत वेलाचा फोटो जोडला. साहेब म्हणाले निवृत्तीला थोडी वर्षं राहिलीत, दोन दिवस विचार करा, आणि कागद ड्रॉवरमध्ये सारायला लागले. झाकली मूठ त्यांनाही हवी होती. मी तो कागद परत घेतला, आवक खिडकीवर गेलो, शिक्का मारून घेतला आणि नंबर टाकून घेतला. आता तो ड्रॉवरमध्ये राहू शकत नाही. त्याची नक्कल सोबत पाठवतोय. लाल पेटी हुकूम निघेपर्यंत खांबावरच राहील. माझी खुर्ची बहुधा त्याआधी जाईल, आणि ते योग्यच आहे. माझी माफी तू मागू नकोस आणि मीही तुझी आत्ता मागत नाही, मागायला अजून तोंड नाही. पण हे सगळं मी मन हलकं करायला लिहिलेलं नाही.

लिहिलं ते त्या बारीक रेघेसाठी. काल घरात शिरल्यावर मला ती सापडली. बाहेरच्या खोलीतल्या फळीवर तिचा फोन चार्जरला लावलेला आहे आणि त्याच्या बरोबर वर दिवा, भर दुपारीही चालू. मी मालवायला हात उचलला तर म्हणाली, राहू दे. फोनची बॅटरी जुनी झालीय, वायर काढली की बंद पडतो, म्हणून तो कायम लावलेला. आणि रात्री वाजला तर अंधारात हिरवं बटण सापडत नाही, लाल दाबलं जातं आणि कट होतो, म्हणून दिवा. मशीनच्या आवाजात घंटी ऐकू येणार नाही म्हणून मशीनही बंद. जिच्या घरात चौदा महिने दिवा नव्हता, तिने अठरा दिवस दिवा मालवलेला नाही. हे पत्र तुला पुढच्या बंदरावर मिळेल तेव्हा अठराचे किती झाले असतील ते तू मोज. माझ्यावर काय रागवायचंय ते नंतर रागव, आयुष्य पडलंय. आधी तिला फोन कर. वेळ कुठलीही चालेल, ती जागी आहे. मी खुर्ची जाईपर्यंत रोज पडद्यासमोर बसून बघतोय. ज्या दिवशी रात्री नऊला ती रेघ जमिनीला टेकेल, त्या दिवशी मला कळेल की तुला पत्र मिळालं.

तुझाच (हा शब्द ठेवायचा की खोडायचा ते तू ठरव),
बारक्या